परत न आलेले पैसे

'रिबेट' हा शब्द इंग्रजी खरा, परंतु आपल्याकडे तो घरोघर पोहोचला तो खादी भांडाराच्या फलकावरून. गांधीजयंती जवळ आली की भांडाराच्या दारावर कापडी पाटी लागायची आणि गावातले गुरुजी वर्षाचे दोन सदरे त्याच दिवसांत बेतून घ्यायचे. त्या रिबेटची रीत अगदी साधी होती. कारकून बिल लिही, त्याखाली रेघ ओढी आणि सूट तुमच्या डोळ्यांदेखत वजा करी. उरलेले पैसे द्यायचे आणि गाठोडे उचलायचे. सरकारकडून ती रक्कम पुढे केव्हा मिळायची, ही काळजी खादी संस्थेची. गिऱ्हाइकाला तिच्याशी कर्तव्य नसे. १९५७ साली स्थापन झालेल्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्य कार्यालय मुंबईच्या विलेपार्ले उपनगरात आहे, आणि आज मी तुम्हांला जी हकीकत सांगणार आहे तीही बरीचशी ह्याच उपनगरांतली आहे.

ती हकीकत दुसऱ्या जातीच्या रिबेटची आहे. ह्या दुसऱ्या प्रकारात दुकानदार काहीच वजा करीत नाही. तुम्ही पूर्ण किंमत मोजायची, मग खोक्यातला कागद भरायचा, बिल जोडायचे, वेष्टणाचा तुकडा कापून लावायचा आणि हे सारे दूरच्या कुठल्याशा पत्त्यावर पाठवून द्यायचे. मग कंपनी तुमचे काही पैसे परत करणार. आजकाल ह्यालाच 'कॅशबॅक' म्हणतात, आणि टपालपेटीच्या जागी मोबाइल आला आहे. दोन्ही रिबेटांतला फरक तो काय? पहिल्यात वजाबाकी तुमच्यासमोर होते, दुसऱ्यात ती कंपनीच्या मर्जीवर राहते. एवढ्याशा फरकातून किती माणसे नाडली गेली आणि त्यावर काय तोड निघाली, ते आपण पाहू.

प्रथम आपल्या आठवड्याच्या बाजाराकडे या. बाजारात फसवणूक नसते असे मुळीच नाही. काटा मारणारा वाणी आणि पाणी घालणारा गवळी आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु बाजारातल्या विक्रेत्याला एक धाक असतो. पुढच्या आठवड्यात त्याला त्याच झाडाखाली पाल ठोकायचे असते. 'पुढच्या बाजारी चार आणे परत देतो' असे म्हणून त्याने ते दिले नाहीत, तर सारा बाजार ऐकेल अशा आवाजात त्याचा उद्धार होतो. तिथे विक्रेत्याला तोंड असते, आणि तोंड असले म्हणजे लाजही असते.

टपालाने व्यापार सुरू झाला आणि हे तोंड दिसेनासे झाले. तरी जुन्या काळच्या टपाल खात्याने ह्यावर एक चांगली युक्ती काढली होती. १८७७ साली आपल्या देशात व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली आणि १८८० पासून टपाल खाते मनीऑर्डरी पोहोचवू लागले. व्ही. पी. मुळे रत्नागिरीच्या माणसाला मुंबईचे पुस्तक किंवा घड्याळ मागवता येऊ लागले. पोस्टमन पुडके घेऊन दारात उभा राहिला की मगच पैसे मोजायचे. आत काय निघेल ते नशीब, पण पुडके आल्याशिवाय पैसा हातचा सुटत नसे. अनोळखी विक्रेता आणि अनोळखी गिऱ्हाईक ह्यांच्यामध्ये सरकारी पोस्टमन साक्षीदार म्हणून उभा असे. दुसऱ्या जातीच्या रिबेटने ही गोष्ट नेमकी उलटी केली. पैसे आधी द्यायचे, आणि मग पोस्टमनची वाट पाहात बसायचे!

आता उपनगरांकडे वळू. १९५० साली मुंबईची हद्द अंधेरीच्या पुढे आणि भांडुपपर्यंत गेली. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तोवर आपापले गावपण राखून असलेली ठिकाणे महानगरात आली. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून माणसे येऊन चाळींत आणि गृहनिर्माण सोसायट्यांत राहू लागली. पुढे ह्याच भागात नव्या जिनसा खपू लागल्या. पाकिटातला चहा, कागदात गुंडाळलेला साबण, बिस्किटे, पंखा, मिक्सर. गावी चहा वाण्याच्या डब्यातून मिळे, आणि चहात भुसा निघाला तर वाण्याला बोल लावता येई. पाकिटातल्या चहाचे काय करायचे? दुकानदार हात वर करतो आणि म्हणतो, 'कंपनीला लिहा!' ह्या दोन शब्दांत उपनगरी ग्राहकाचा सारा इतिहास आला, असे म्हटले तरी चालेल.

मी स्वतः मुलुंडला वाढलो. शाळेत होतो तेव्हा एका कंपनीने गोळ्यांच्या ठरावीक वेष्टणांवर भेटवस्तू देऊ केली होती. कंपनीचे नाव सांगत नाही, आणि त्याने काही अडतही नाही. आम्ही भावंडांनी ती वेष्टणे रस्त्यावरूनसुद्धा वेचली, इस्त्रीखाली सपाट केली, पाकिटात घातली, आणि स्वतःचा पत्ता लिहिलेले तिकीट लावलेले दुसरे पाकीटही आत ठेवले. पत्ता म्हणजे एक पोस्ट-बॉक्स नंबर. पुढचे दोन महिने आमचा पोस्टमन जिना चढताना दिसला की आम्ही दारात हजर! शेवटी तो बिचारा लांबूनच हात हलवू लागला. भेटवस्तू आली नाही, आणि आमचे तिकीट लावलेले पाकीटही आले नाही. त्या वेळी वडील एवढेच म्हणाले, 'पोस्ट-बॉक्सला का कोणी जाब विचारतो?' ते वाक्य माझ्या मनात राहिले आहे, कारण प्रश्न खरा तोच आहे.

तुम्ही म्हणाल, एखादी कंपनी लबाड असते, त्याचे काय एवढे? परंतु ह्यात केवळ लबाडी नसते, एक पक्का हिशेब असतो. शंभर माणसांना सूट कबूल केली, तरी शंभर माणसे ती मागत नाहीत. काहींचा कागद हरवतो, काहींची मुदत टळते, काहींना वाटते, एवढ्याशा पैशांसाठी कोण खटपट करणार! ज्यांनी अर्ज केला त्यांतल्या काहींचे बिल 'अस्पष्ट' ठरते. अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी तर ह्या न मागितल्या गेलेल्या रकमेला 'ब्रेकेज' असे नावच दिले आहे. ब्रेकेज म्हणजे फुटतूट. वाणी जशी बरण्यांची फुटतूट आधीच धरतो, तशी ही गिऱ्हाइकांच्या विसराळूपणाची फुटतूट धरलेली असते. फरक एवढाच की वाण्याला फुटतुटीने तोटा होतो, आणि इथे नफा होतो. किंमत कमी असल्याचा डंका शंभरांपुढे वाजवायचा, आणि प्रत्यक्षात ती कमी करायची थोड्यांसाठीच. अमेरिकेत टपालाने मागायच्या रिबेटविषयी इतक्या तक्रारी झाल्या की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला त्यात हात घालावा लागला. २००५ साली एका मोठ्या संगणक-विक्रेत्या कंपनीला ग्राहकांचे अडकलेले रिबेट देण्याचे मान्य करावे लागले.

मग कायदा काय म्हणतो? कायद्याचे मूळ जुने आहे. १८९१ साली लंडनच्या एका कंपनीने जाहिरात दिली की आमचा औषधी धुराचा गोळा सांगितल्याप्रमाणे वापरूनही कोणाला इन्फ्लुएंझा झाला, तर त्याला शंभर पौंड देऊ. आमचा शब्द खरा आहे हे पटावे म्हणून बँकेत एक हजार पौंड ठेवल्याचेही छापले. श्रीमती कार्लिल नावाच्या बाईंनी तो गोळा विकत घेतला, दिवसातून तीनदा ह्या हिशेबाने सुमारे दोन महिने वापरला, आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांना इन्फ्लुएंझा झालाच! त्यांनी शंभर पौंड मागितले. कंपनी म्हणाली, अहो, ती तर नुसती जाहिरात. न्यायालयाने ते मानले नाही. तुम्ही साऱ्या जगापुढे शब्द टाकलात, बाईंनी अट पाळली, तेव्हा करार झाला, असा निकाल डिसेंबर १८९२ मध्ये लागला. आपल्या देशात तर त्याआधी वीस वर्षे, १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या आठव्या कलमात हे तत्त्व आलेले होते. प्रस्तावातल्या अटी पुऱ्या करणे म्हणजेच प्रस्ताव स्वीकारणे. म्हणजे पोस्ट-बॉक्सवर रीतसर वेष्टणे पाठवणाऱ्या मुलाच्या बाजूनेही कायदा उभा होता.

परंतु कायदा बाजूने असणे निराळे आणि पैसे हातात पडणे निराळे. चाळीस रुपयांसाठी दिवाणी न्यायालयात कोण जाणार? वकिलाचा पहिला कागदच त्याहून महाग. कंपनीचा खरा भरवसा कायद्याच्या अज्ञानावर नसतोच. तो असतो तुमच्या एकटेपणावर आणि रकमेच्या लहानपणावर. दहा हजार माणसांचे चाळीस-चाळीस रुपये बुडाले तर चार लाख होतात. पण ते चार लाख कोणा एकाचे नसतात, म्हणून त्यासाठी कोणी उठत नाही.

ह्या एकटेपणावर मुंबईत औषध शोधले ते मुख्यतः गृहिणींनी. १९६६ साली नऊ स्त्रियांनी मिळून मुंबईत 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली. भेसळ, खोटी वजने, फसव्या जाहिराती ह्यांविषयी ग्राहकांना शहाणे करणे आणि तक्रारी धसाला लावणे हे त्यांचे काम. १९७२ साली महागाईने कहर केला तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हातात लाटणी घेतलेल्या बायकांचे मोर्चे मुंबईने पाहिले. त्या चळवळीत अहिल्या रांगणेकर होत्या, आणि गोरेगावच्या मृणाल गोरे होत्या. मृणालताईंनी उपनगरातल्या पाण्यासाठी इतके झगडे केले होते की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. मोर्चाने रिबेट मिळत नाही, हे खरे. परंतु स्वयंपाकघरातली तक्रार ही खाजगी कुरकूर नसून सार्वजनिक प्रश्न आहे, ही जाण त्या लाटण्यांनी दिली.

पुढचे पाऊल अधिक शांत, पण अधिक खोल होते. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय पुढे जुहू-विलेपार्ल्याच्या भागात 'ग्राहक भवन' म्हणून उभे राहिले. तिची रीत तुमच्या गावातल्या सावडीसारखी आहे. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात. महिन्याच्या सामानाची यादी एकत्र होते, माल घाऊक भावाने घेतला जातो, आणि सभासद आपापसांत तो वाटून घेतात. तांदूळ-डाळ स्वस्त मिळते हा लाभ झालाच. परंतु मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा लाभ. दर महिन्याला त्याच माणसांची गाठ पडते, आणि कोणाची कुठे फसगत झाली हे एकमेकांना कळते. बाजारातल्या झाडाखाली जे सहज घडत होते, ते उपनगरातल्या माणसांनी असे पुन्हा उभे केले. एकाची तक्रार दहांच्या कानी गेली की ती आपोआप वजनदार होते.

ह्या वजनाचा उपयोग पुढे झाला. तुम्हांतल्या वयस्कांना स्कूटरच्या नोंदणीचे दिवस आठवत असतील. १९८० नंतरच्या काळात नव्या स्कूटर कंपन्यांनी अनामत रकमा घेऊन नोंदण्या केल्या. कोणाला गाडी वेळेवर मिळेना, कोणाला पैसे परत मिळेनात. एकेका माणसाची अनामत शेकड्यांत, म्हणून कोर्टाची पायरी चढणे परवडेना. ग्राहक संघटनांनी हा प्रश्न पुढे राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत नेला, आणि मुंबई ग्राहक पंचायत त्यांत होती. अनेकांची गाऱ्हाणी एका संस्थेने मांडावीत ही वाट अशी मळू लागली.

पण असा आयोग आला कोठून? त्यासाठी थोडे मागे जायला हवे. मक्तेदारीला आळा घालणारा कायदा १९६९ साली झाला होता, परंतु त्यात फसव्या जाहिरातींविरुद्ध ग्राहकाला नीटसा आधार नव्हता. न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीने १९७८ साली ही उणीव दाखवली, आणि १९८४ साली त्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' हे प्रकरण आले. देण्याचा हेतू नसताना भेट किंवा बक्षीस देऊ करणे, ही त्यातली एक प्रथा. दुसरी म्हणजे, जी वस्तू फुकट म्हणून सांगितली तिची किंमत मालाच्या भावातच वसूल करणे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ह्याच गोष्टी आल्या, आणि जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा तीन पायऱ्यांची ग्राहक न्यायव्यवस्थाही आली. २४ डिसेंबरला त्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. २००२ च्या दुरुस्तीने आणखी एक खिंडार बुजवले. बक्षीस योजना संपल्यावर तिचा निकाल दडवून ठेवणे हीदेखील अनुचित प्रथा ठरली. आता २०१९ चा नवा कायदा चालू आहे आणि जुनी कलमे त्यात आलेली आहेत.

मात्र कायदा झाला म्हणजे आरोप आपोआप सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवा. २००७ सालच्या 'कौन बनेगा करोडपती' मध्ये प्रेक्षकांनी मोबाइलवरून संदेश पाठवून भाग घ्यायची एक स्पर्धा होती. बक्षिसाचा पैसा संदेशांच्या वाढीव आकारातूनच निघतो, अशी तक्रार एका संस्थेने केली. २००८ साली राष्ट्रीय आयोगाने तिच्या बाजूने निकाल देऊन एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई लावली. पण २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण आरोपाला पुरेसा पुरावा नव्हता. मोठ्या मंडळींच्या खटल्यातही अखेर सवाल कागदाचाच होता.

आमच्या इमारतीतलीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर सात घरांनी एकाच कंपनीचे पंखे घेतले, आणि आमच्या वॉचमननेही आपल्या खोलीसाठी एक घेतला. प्रत्येक पंख्यावर चारशे रुपये परत मिळणार होते. अट अशी की पंधरा दिवसांत बिल आणि खोक्यावरच्या पट्ट्यांच्या खुणेचा तुकडा, दोन्हींचे फोटो पाठवायचे. आम्ही शिकलेली माणसे. सातांपैकी चौघे विसरलो, आणि त्यांत मीही होतो! तिघांनी पाठवले, त्यांतल्या एकाला पैसे आले, दोघांना 'बिल अस्पष्ट' असे उत्तर. वॉचमनने दुसऱ्याच दिवशी माझ्या मुलीकडून अर्ज भरून घेतला होता. त्यालाही उत्तर तेच. परंतु त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी आम्हां कोणाजवळच नव्हती. त्या खोक्यात तो आपले कपडे ठेवीत होता. खुणेचा तुकडा फोटो काढून तसाच खोक्यावर राहिला होता, आणि बिल त्याने खोक्याच्या तळाशी घडी करून ठेवले होते.

तिघांची मिळून एकच तक्रार आम्ही लिहिली. अर्ज केल्याची तारीख, बिलाची तारीख, आलेले उत्तर, सारे ओळीने मांडले, आणि सरकारच्या १९१५ ह्या ग्राहक मदत क्रमांकावरही नोंदवले. काही आठवड्यांनी पैसे आले. मूळ बिल दाखवून ते स्पष्ट असल्याचे सिद्ध करता आले, म्हणून वॉचमनचे आधी आले, आणि त्याच्यामागोमाग इतर दोघांचे. मला वाटले होते की तो खूश होईल. तो म्हणाला, 'सर, गावाला जायचं एस. टी. चं भाडं होतं ते. लग्नाला जायचं राहिलं.' लग्न केव्हाच होऊन गेले होते. चारशे रुपये उशिरा मिळणे ह्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आपण ज्याला क्षुल्लक रक्कम म्हणतो, ती कोणाच्या तरी घरात एका ठरावीक दिवसासाठी राखलेली असते. कंपनीच्या 'फुटतुटी'त ती भाची, ते लग्न, तो प्रवास कुठेच मांडलेला नसतो.

वाचकहो, आणि विशेषतः शिक्षकबंधू-भगिनींनो, म्हणून चार गोष्टी सांगतो. शक्य असेल तिथे दुकानातच वजाबाकी मागा. 'नंतर परत' असे म्हणणाऱ्या वस्तूची किंमत पूर्णच धरा, आणि ती परवडत असेल तरच घ्या. बिल आणि खोके रक्कम हाती येईपर्यंत टाकू नका, आणि अर्जाची नक्कल ठेवा. पैसे आले नाहीत तर प्रथम कंपनीला लेखी कळवा, मग १९१५ वर सांगा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे, तसा तुमच्या जिल्ह्याचाही आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. त्याहून मुख्य म्हणजे एकटे जाऊ नका. त्याच मालाला फसलेले आणखी दोघे-तिघे तुमच्याच आळीत असतात.

२४ डिसेंबरच्या सुमारास सातवी-आठवीच्या वर्गात एक तास ह्यासाठी द्यावा. मुलांना घरून एखादे वेष्टण आणायला सांगावे, त्यावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचायला लावावीत, आणि कंपनीला पाठवायचे एक मुद्देसूद पत्र सर्वांकडून लिहून घ्यावे. भाषेचाही अभ्यास होईल. आमच्या वेळी असा तास कोणी घेतला असता, तर वडिलांच्या त्या प्रश्नाला मी उत्तर दिले असते. होय, पोस्ट-बॉक्सलाही जाब विचारता येतो. पत्र चौघांच्या सहीचे हवे आणि बिल जपलेले हवे.